झीज कोणाची?

दुसऱ्याची वस्तु थोडा वेळ वापरावयास घेण्याचा प्रसंग ज्याच्यावर कधींच आला नाहीं, असा गृहस्थ आमच्या पाहण्यांत नाहीं. घरीं लग्नकार्य निघालें कीं मंडप, सतरंज्या, मोठालीं पातेलीं, हें सारें बाहेरून येतें. आमच्या गोंदियाकडे तें 'बिछायत केंद्रा'तून येतें. आणि भाडें हा शब्द पुस्तकांत राहून व्यवहारांत 'किराया' हाच शब्द चालतो. एके काळीं सायकलही तासाच्या किरायानें मिळत असे. घेतांना सारें गोड असतें. परत करतांना मात्र एक प्रश्न क्षणभर डोकें वर काढतो. पातेल्याच्या बुडाशीं पोचा दिसतो; सतरंजीचा कांठ उसवलेला आढळतो. देणारा त्यावर बोट ठेवतो, घेणारा म्हणतो, “हें आधींचेंच होतें.” देणाऱ्याचा आवाज बहुधा मोठा असतो. कार्य उरकलेलें असतें, पाहुण्यांस गाडीवर पोंचवावयाचें असतें. दहापांच रुपये जातात आणि प्रकरण मिटतें. प्रश्न मात्र मिटत नाहीं. वापरानें वस्तु झिजते हें तर खरेंच. पण ती झीज कोणाची?

हा प्रश्न क्षुल्लक आहे, असें कोणी म्हणेल. आम्हांसही बरीच वर्षें तसेंच वाटे. किंबहुना तो क्षुल्लक वाटण्यांत आमची सोय होती. कारण ह्या प्रश्नाचें खरें उत्तर एकदां आम्हांस पक्कें ठाऊक होतें, आणि तें सांगण्याची वेळ आली तेव्हां आम्हीं सांगितलें नाहीं. ती हकीकत सांगितल्यावांचून पुढील विवेचनास अर्थ येणार नाहीं. म्हणून ती आधीं सांगतों.

सन 1985 च्या उन्हाळ्यापासून सुमारें दोन वर्षें आम्हीं गोंदियांतील एका दुकानांत नोकरी केली. गोंदिया तेव्हां भंडारा जिल्ह्यांत होतें. तें स्वतंत्र जिल्ह्याचें ठिकाण 1 मे 1999 रोजीं झालें. धानाच्या गिरण्या, विडीचा धंदा आणि रेल्वेचें जंक्शन ह्यांवर जगणारें तें शहर. आमच्या दुकानाचा धंदा दूरदर्शनचे रंगीत संच व व्ही.सी.आर. किरायानें देण्याचा. दिल्लीच्या आशियाई खेळांच्या निमित्तानें 1982 सालीं आपल्या देशांत रंगीत दूरदर्शन आलें आणि पुढील दोनतीन वर्षांत लहान लहान शहरांतूनही प्रक्षेपण केंद्रें उभीं राहिलीं. परंतु रंगीत संच विकत घेणें म्हणजे साधारण नोकरदाराचे कित्येक महिन्यांचे पगार एकदम मोजणें, आणि व्ही.सी.आर. तर दहा गल्ल्यांत एखाद्याच घरीं. ज्यास विकत घेणें झेपत नाहीं त्यास एका रात्रीपुरतें तें वैभव पुरविणें, हा आमचा व्यवसाय होता. आणि त्या वयांत तो आम्हांस मोठा परोपकारी वाटे.

दुकानाची रीत अशी. एक रंगीत संच, एक व्ही.सी.आर. आणि तीन सिनेमांच्या कॅसेटी, संध्याकाळपासून सकाळपर्यंत, हा एका रात्रीचा ठराव. किराया आगाऊ द्यावयाचा. शिवाय अनामत म्हणून रोख रक्कम, आणि रोख नसल्यास मनगटावरचें घड्याळ किंवा घरांतलें भांडें. यंत्रें गोधडींत गुंडाळून आम्ही सायकल-रिक्षानें स्टँडवर नेत असूं आणि तेथून एस.टी.नें गांवीं जात असूं. “आज गांवांत व्हिडिओ आहे” ही वार्ता आमच्याआधीं पोंचलेली असे. ज्याच्या घरीं कार्य त्यानेंच किराया भरावयाचा, पण पाहावयास सारा गांव. अंगणांत पुढें पोरें, त्यांच्यामागें बाया, आणि पुरुष मंडळी भिंतीवर किंवा सोडून ठेवलेल्या बंडीवर. कोणास बोलावणें नसे आणि कोणास मनाईही नसे. आमचें काम रात्रभर जागून यंत्राची राखण करण्याचें; कॅसेटी बदलावयाच्या आणि वीज फारच कमीजास्त होऊं लागली तर यंत्र बंद करावयाचें. पुढें घरोघर स्वतःचे संच आले, तेव्हां तीं अंगणें ओस पडलीं. विकत घेतलेली वस्तु दार लावून पाहतां येते. एका रात्रीच्या पाहुण्या वस्तूस दार लावण्याचें कोणास सुचत नसे.

आतां त्या यंत्राविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. व्ही.सी.आर.च्या पोटांत एक लहानसा गोल नळा मिनिटास 1500 फेरे ह्या वेगानें फिरत असतो. त्यावर बसविलेल्या सूक्ष्म टोकांस 'हेड' म्हणतात. कॅसेटींतील फीत त्या फिरत्या हेडाला घासून जाते, तेव्हां पडद्यावर चित्र उमटतें. अर्थात् प्रत्येक सिनेमागणिक हेड तिळतिळ झिजतें. फीत जुनी, सुरकुतलेली किंवा बुरशी धरलेली असली तर अधिकच झिजतें. स्पिरिटनें पुसून कांहीं दिवस निभावतें. पुढें चित्र फिकट होतें, पडद्यावर मुंग्या येऊं लागतात, आणि एके दिवशीं मुंग्यांखेरीज कांहींच दिसत नाहीं. ही झीज शेंकडों रात्रींची असते. तिचा बोभाटा मात्र एकाच रात्रीं होतो. ती रात्र ज्याच्या वांट्यास आली तो मनुष्य त्या झिजेचा कर्ता नव्हे. तो केवळ रांगेंतला शेवटचा.

मार्च 1987 मधील गोष्ट. आमगांवच्या बाजूच्या एका खेड्यांत विड्या वळणाऱ्या एका बाईनें नातवाच्या बारशासाठीं व्हिडिओ ठरविला. शेजारच्या चार घरांनीं वर्गणी दिली होती. अनामतीपुरती रोकड मात्र जमली नाहीं. म्हणून तिनें एक पितळी गुंड आणून दुकानांत ठेवला. पहिले दोन सिनेमे नीट झाले. तिसरा निम्म्यावर आला असतां पडद्यावर मुंग्या आल्या आणि चित्र गेलें. आम्हीं हेड पुसलें, कॅसेट बदलून पाहिली. उपयोग झाला नाहीं. पोरें केव्हांच झोपलीं होतीं. मोठीं माणसें “दोन तर झाले” म्हणून उठलीं. कोणीही आम्हांस एक उणा शब्द बोललें नाहीं. उलट बाईनें पहांटे चहा करून दिला.

दुसऱ्या दिवशीं ती गुंड न्यावयास आली. शेठजींनीं यंत्र उघडून पाहिलेलें होतें. “तुमच्याकडे वीज कमीजास्त झाली, कोणीं तरी यंत्राला हात लावला, हेड गेलें. भरपाई द्या आणि भांडें न्या,” असें त्यांनीं सांगितलें. ती भरपाई तिच्या कित्येक आठवड्यांच्या मजुरीएवढी होती. आणि आम्हांस ठाऊक होतें, कीं आठच दिवसांपूर्वीं शहरांतल्या एका वकिलांच्या बंगल्यांत हेंच यंत्र असेंच थांबलें होतें. मेकॅनिकनें हेड संपल्याचें सांगितलें होतें. आणि 'चालेल तितके दिवस चालवूं' असें दुकानांत ठरलें होतें. वकिलांकडून भरपाई मागण्याचें कोणाच्या मनांतही आलें नव्हतें. उलट त्यांचा किराया परत केला होता.

बाई म्हणाली, “भाऊ, आमी पेटीले हात बी नाई लावला. या पोराले इचारा, हा रातभर तिथंच होता.” शेठजींनीं आमच्याकडे पाहिलें. तिनेंही पाहिलें. आम्हीं कॅसेटींच्या फळीकडे पाहिलें आणि म्हणालों, “वीज कमीजास्त होत होती खरी.”

हें वाक्य खोटें नव्हतें. त्या दिवसांत वीज कोणत्या खेड्यांत कमीजास्त होत नसे? आयुष्यांत आम्ही पुष्कळ असत्यें बोललों असूं. परंतु त्या सर्वांपेक्षां हें खरें वाक्य आम्हांस अधिक टोंचतें. 'नरो वा कुंजरो वा' म्हणणाऱ्या धर्मराजाचा रथ जमिनीवर टेंकला, असें सांगतात. आमचा रथ मुळांत कधीं वर नव्हता, म्हणून टेंकल्याचा आवाज झाला नाहीं इतकेंच. बाई रागावली नाहीं. जातांना ती एवढेंच म्हणाली, “तिथं बी असंच होते, भाऊ. छाट आमच्याच आंगावर.” ह्या वाक्याकडे आम्ही पुढें येऊं. गुंड दुकानांतच राहिला. पावसाळ्यांत आम्हीं नोकरी सोडली तेव्हां तो फळीखालीं कॅसेटींच्या रिकाम्या डब्यांमागें होता.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. दुसऱ्याची वस्तु जवळ बाळगणाराचें उत्तरदायित्व किती, हा विचार आपल्या पूर्वजांनीं मोठ्या बारकाईनें केलेला आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत जीं अठरा व्यवहारपदें सांगितलीं आहेत त्यांत ऋणादानाच्या लगेच पाठोपाठ निक्षेप येतो. याज्ञवल्क्यानेंही ठेव आणि वापरण्यासाठीं मागून आणलेली वस्तु ह्यांचा विचार एकत्र केला आहे; आणि राजानें नेलेल्या, दैवानें नष्ट झालेल्या किंवा चोरांनीं पळविलेल्या ठेवीची भरपाई ती बाळगणाऱ्याकडून घेऊं नये, असा त्याचा निर्णय आहे. इंग्रजी अमदानींत झालेला 1872 चा करारांचा कायदा तर आजही चालू आहे. त्याच्या 151 व्या कलमाप्रमाणें घेणाऱ्यानें त्या वस्तूची तितकीच काळजी घ्यावी, जितकी साधारण शहाणा मनुष्य आपल्या स्वतःच्या वस्तूची घेतो. त्याहून अधिक नाहीं. आणि 150 वें कलम देणाऱ्याकडे वळून सांगतें, कीं वस्तूंत कांहीं दोष ठाऊक असेल तर तो घेणाऱ्यास आधीं सांगितला पाहिजे. आणि वस्तु भाड्यानें दिली असेल तर दोष ठाऊक नव्हता ही सबबही देणाऱ्यास चालणार नाहीं. म्हणजे आमच्या शेठजींच्या बाजूनें स्मृतीही नव्हती आणि कायदाही नव्हता. त्यांच्या बाजूनें एक गोष्ट होती. हेड आधींच संपलें होतें हें दुकानाबाहेर कोणास ठाऊक नव्हतें.

तर्कानें पाहिलें तरी उत्तर तेंच येतें. किराया ही कशाची किंमत? वस्तु तर परत जावयाची आहे. तेव्हां ती वस्तूची किंमत नव्हे. ती वापराची किंमत आहे, आणि वापर म्हणजेच झीज. जो मनुष्य किराया घेतो त्यानें झिजेचे पैसे आगाऊच घेतलेले असतात. शंभर रात्रींचा किराया गल्ल्यांत टाकून एकशें एकाव्या रात्रीच्या गिऱ्हाइकाकडून पुन्हां हेडाची किंमत मागणें म्हणजे एकाच मालाचे पैसे दोनदां घेणें होय. मोडतोड निराळी. कोणी यंत्र आपटलें, त्यांत पाणी सांडलें, तर तो दोष घेणाऱ्याचा; तेथें भरपाई मागण्यास आमची हरकत नाहीं. परंतु मोडतोड आणि झीज ह्यांतील भेद ज्याला पुसून टाकावयाचा असतो तो नेहमीं झिजेलाच मोडतोड म्हणतो. ह्याच्या उलट झालेलें आम्हीं कधीं पाहिलें नाहीं.

ह्या बाबतींत विलायतेचें उदाहरण विचार करण्याजोगें आहे. तेथें 1930 सालीं ब्रायटन गांवीं 'रेडिओ रेंटल्स' नांवाची कंपनी निघाली. तिचा आरंभीचा धंदा नांवावरूनच कळतो; पुढें ती दूरदर्शनचे संच भाड्यानें देऊं लागली. 1953 च्या जून महिन्यांत एलिझाबेथ राणीचा राज्याभिषेक दूरदर्शनवर दाखविण्यांत आला तेव्हांपासून त्या देशांत संचाची हांव फार वाढली. पण त्या वेळचे संच महाग आणि नाजूक, त्यांतील दिवे वरचेवर जावयाचे. म्हणून लोक विकत घेण्यापेक्षां महिन्याच्या भाड्यानें संच घेत, आणि त्या भाड्यांतच दुरुस्ती धरलेली असे. चित्र गेलें कीं कंपनीचा मनुष्य हत्यारांची पेटी घेऊन दारीं येई. संच सुधारेना तर दुसरा आणून ठेवी. 1970 नंतरच्या दशकांतही तेथील असंख्य घरांतले रंगीत संच भाड्याचेच होते. त्या कंपन्या धर्मात्मा होत्या असें आम्हांस म्हणावयाचें नाहीं. वर्षानुवर्षें भाडें भरणाऱ्या कुटुंबानें अखेरीस संचाच्या किंमतीहून अधिकच दिलें असेल. मुद्दा निराळा आहे. झीज कंपनीच्या अंगावर होती, म्हणून चांगला संच देणें, तो वेळेवर तपासणें, हें कंपनीच्याच हिताचें होतें. ज्याच्या खिशाला झीज लागते, त्याच्या डोळ्यांस ती आधीं दिसते. पुढें संच स्वस्त आणि टिकाऊ झाले, तसें दुरुस्तीच्या हमीचें मोल उतरलें. 'रेडिओ रेंटल्स' 1968 सालींच एका मोठ्या विद्युत्-सामानाच्या कंपनीच्या मालकीची झाली होती. 2000 सालीं तिचा आणि 'ग्रॅनाडा'चा भाड्याचा धंदा एकत्र करण्यांत आला, आणि तीन वर्षांतच ती जोड कंपनी कर्जापायीं प्रशासकाच्या हातीं गेली. झीजच उरली नाहीं तेव्हां झीज सोसणाऱ्याची गरजही उरली नाहीं.

कोणी म्हणेल, विलायतेंतली भांडवलाची कंपनी कोठें आणि गोंदियाचा कर्जबाजारी दुकानदार कोठें! ही हरकत अगदींच खोटी नाहीं. आमच्या शेठजींनींही यंत्रें व्याजाच्या पैशानें घेतलीं होतीं. गिऱ्हाइकें कांहीं सारींच साधुसंत नसत. यंत्र उघडून पाहणारे, कॅसेट बदलून दुसरीच परत करणारे महाभागही आम्हांस भेटले. परंतु त्यांचा राग त्यांच्यावरच निघाला पाहिजे. वकिलांकडून जें मागवत नाहीं तें विडीवालीकडून मागणें, ह्यास धंद्याची अडचण हें नांव शोभत नाहीं.

आणखीही एक गोष्ट कबूल करणें भाग आहे. आमच्या कॅसेटी बहुतेक चोरून उतरविलेल्या असत. 1957 च्या कॉपीराइटच्या कायद्यांत 1984 सालीं दुरुस्ती होऊन अशा नकलांस कडक शिक्षा ठरली होती. दुकानांत तें सर्वांस ठाऊक होतें आणि कोणी बोलत नसे. ज्यानें हा सिनेमा काढला त्याला आपण फसवीत आहों, हा विचार आमच्या मनांत आलाच तर 'तो मुंबईस आहे, श्रीमंत आहे' म्हणून आम्ही तो दूर सारीत असूं. दूरच्या आणि श्रीमंताच्या बाबतींत गप्प बसण्याची संवय झाली, कीं जवळच्या आणि गरिबाच्या बाबतींत गप्प बसणें जड जात नाहीं. जीभ एकच असते.

ह्या सर्व प्रकरणांत खरा अपराधी कोण? अनेक वर्षें आम्ही शेठजींचें नांव घेत होतों. अलीकडे आम्हांस निराळें वाटतें. शेठजी आपल्या लाभासाठीं बोलत होते. लोभ हा जुना रोग आहे आणि जग त्यास ओळखून असतें. बाईस सत्य ठाऊक होतें, पण तिच्याजवळ पुरावा नव्हता. सत्यही ठाऊक आणि पुरावाही जवळ, असा त्या खोलींत एकच मनुष्य होता. वस्तूची पूर्वींची स्थिति ज्याला ठाऊक असते त्याच्यावर एक जबाबदारी आपोआप येऊन पडते. ती त्यानें मागितलेली नसते, पण म्हणून ती टळत नाहीं.

'खाल्ल्या मिठाला जागावें' हें आमच्या बाजूनें सांगतां येईल, आणि त्या वेळीं आम्हीं मनाशीं तेंच सांगितलें. आमचा पगार थोडा होता, पण घरीं त्याची वाट पाहिली जात असे. मिठाला जागणें हा सद्‌गुण आहे, ह्यांत शंका नाहीं. मालकाची तिजोरी राखावी, त्याचा भाव शेजारच्या दुकानास सांगूं नये, त्याच्या पाठीमागेंही त्याचें काम चोख करावें, हें सारें मिठांत येतें. परंतु तिसऱ्या माणसाचें नुकसान होत असतां डोळे फिरवून घेणें, हेंही मिठांत येतें काय? 1988 च्या ऑक्टोबरपासून दूरदर्शनवर महाभारत दर रविवारीं दाखवूं लागले. आम्हीं तें एका शेजाऱ्यांच्या घरीं पाहिलें. द्यूतसभेचा प्रसंग आला तेव्हां सर्व मंडळी दुःशासनावर दांतओठ खात होती. आमची दृष्टि मात्र वृद्ध भीष्मांवर खिळली. धर्माची गति सूक्ष्म आहे असें सांगून ते थांबले. आणि पुढें युद्धाच्या आरंभीं आपण कौरवांच्या अर्थानें बांधलेले आहों अशी कबुली त्यांनीं स्वतःच दिली. त्याच सभेंत विदुरही होता. त्यानेंही तेंच अन्न खाल्लें होतें. तो बोलला. त्याचें कोणीं ऐकलें नाहीं ही गोष्ट निराळी. पण मीठ खाऊनही बोलतां येतें, एवढें त्यानें कायमचें सिद्ध करून ठेवलें. पगार हातापायांचा असतो, वेळेचा असतो. तो साक्षीचा नसतो. धन्यानें साक्षही विकत घेतली असें ज्याला वाटतें, त्यानें ती स्वतःच गल्ल्यावर नेऊन ठेवलेली असते.

आतां बाईच्या त्या वाक्याकडे येऊं. विड्या वळणाऱ्या बायका तेंदूचें पान आणि तंबाखू घरीं आणतात, पानें कापून विड्या वळतात आणि हजाराच्या हिशेबानें देऊन येतात. तेथें विड्या तपासून कांहीं बाजूस काढल्या जातात. त्यांस 'छाट' म्हणतात. विडी खरोखर वाईट असली तर ती काढणें न्याय्यच. पण पान जुनें निघालें, भिजकें निघालें, तंबाखूंत चुरा अधिक निघाला, तरी छाट वळणारीच्याच अंगावर बसते, ही तक्रार पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. ती इतकी जुनी आणि सर्वत्रिक, कीं विडी कामगारांसाठीं 1966 सालीं केलेल्या कायद्यांत कच्च्या मालाच्या आणि नाकारलेल्या विड्यांच्या तंट्यांसाठीं राज्य सरकारांनीं नियम करावे, अशी तरतूद मुद्दाम घालावी लागली. बाईनें आमच्या दुकानांत पाय ठेवला तेव्हां ती हा धडा आधींच शिकलेली होती: माल धन्याचा, दोष मालाचा, आणि दंड हाताचा. म्हणूनच ती रागावली नाहीं. तिच्या न रागावण्याचें आम्हांस त्या दिवशीं बरें वाटलें होतें. आज तेंच सर्वांत भयंकर वाटतें. अन्यायाची नवल वाटेनाशी होणें, ही मनुष्याच्या मनाची झीज होय. आणि तींत एका खऱ्या वाक्यानें आम्हींही भर घातली.

येथें प्रश्न यंत्रावरून माणसावर येतो. मजुरी हाही एक किरायाच आहे. हात, डोळे, पाठीचा कणा हीं यंत्रें मनुष्य दिवसाच्या बोलीनें देतो आणि संध्याकाळीं परत घेतो. त्यांची झीज मजुरींत धरलेली असते काय? शहरांतून आज जेवणाचे डबे आणि बाजारहाट पोंचविणारे तरुण धांवतांना दिसतात. त्यांची फटफटी त्यांचीच, फोनही त्यांचाच. दुरुस्ती त्यांनींच करावयाची. आमचे शेठजी झीज दुसऱ्यावर ढकलीत. पण निदान यंत्र तरी त्यांचें असे. आतां यंत्र बाळगण्याचीही दगदग धन्यानें ठेवलेली नाहीं. घरबसल्या मागविलेली वस्तु अर्ध्या तासांत दारीं आली म्हणजे आपणही त्या किरायाचे भागीदार होतों, हें आपल्या ध्यानांत येत नाहीं.

दुकान सोडल्यावर आम्ही शिक्षणाकडे परत वळलों आणि पुढें शाळेंत मास्तर झालों. एका वर्षीं वाचनालयाचें काम आमच्याकडे आलें. तेथें जुना नियम असा होता, कीं परत आलेल्या पुस्तकाचीं पानें सुटलेलीं असलीं तर ज्याच्या नांवावर तें पुस्तक त्याच्याकडून दंड घ्यावा. एके दिवशीं सातवींतला एक मुलगा गोष्टींचें पुस्तक घेऊन उभा राहिला. शिवण उसवली होती, मधलीं पानें हातांत येत होतीं. तो रडवेला होऊन म्हणाला, “सर, हें आधींच सैल होतें.” आम्हीं पुस्तकाच्या मागील कागदावरचे शिक्के मोजले. चाळीसांवर भरले. चाळीस हातांनीं वाचलेल्या पुस्तकाचा दंड एकेचाळिसाव्याकडून घ्यावयाचा होता. आणि त्या पुस्तकाची खरी हकीकत त्या कागदावर लिहिलेलीच होती. आम्हीं दंड घेतला नाहीं. मुख्याध्यापकांस भेटून तो नियम बदलवून घेतला: पुस्तक देतांनाच त्याची स्थिति मुलासमक्ष पाहून नोंदवावी, आणि वापरानें सुटलेल्या पानांचा खर्च शाळेनें करावा. ह्यांत शौर्य कांहींच नव्हतें. मुख्याध्यापक भले गृहस्थ होते, त्यांनीं लगेच मान्य केलें. त्या सोप्या दिवशीं बोलतांना आम्हांस कळून चुकलें, कीं 1987 सालचा दिवसही आम्हीं समजत होतों तितका कठीण नव्हता. फार तर नोकरी गेली असती. ती चार महिन्यांनीं तशीही सुटलीच.

झीज कोणाची, ह्या प्रश्नास आमचें उत्तर हें असें आहे. जो वापराचे पैसे घेतो, झीज त्याची. ती दुसऱ्याच्या माथीं मारली जात असतां ज्याला वस्तूची मूळ स्थिति ठाऊक आहे, बोलण्याचें ऋण त्याचें. शाळेंतल्या त्या नियमानें आमचें तें ऋण फिटलें, असें मात्र वाचकांनीं समजूं नये. ज्याचें देणें त्यालाच पोंचवावें लागतें. मुलाच्या हातीं दिलेलें विडीवालीस पोंचत नाहीं. तें खेडें गोंदियाहून एस.टी.नें तासाभराच्या वाटेवर आहे, आणि इतक्या वर्षांत आम्ही तेथें गेलों नाहीं.